हेस्टर नावाचं स्टेशन

लुशस : …लाल परकर फडकवत रुळांत उभी राहिलीस? हेस्टर, वयाचा तरी विचार करायचास!

हेस्टर : लाल दिसलं की गाडी थांबवायची, हा नियम तुझ्याच रेल्वेचा. लाल कशाचं, ते तुम्ही कुठे सांगितलंय?

गार्ड : साहेब, ड्रायव्हर विचारतोय, निघायचं का?

हेस्टर : निघून तर दाखवा. परकर काठीला बांधून रुळांतच रोवून आलेय.

लुशस : अगं, परवा ओमाहाला भागधारकांची बैठक आहे. मी अध्यक्षपद सोडतोय.

हेस्टर : आणि खुर्चीवर तुझा मुलगा विन्स्लो बसावा, म्हणून माझं मत हवंय. बाबांच्या पिठाच्या गिरणीच्या पैशावर तुझी रेल्वे उभी राहिली, तेव्हा निम्मे शेअर माझ्या नावावर झाले ना!

लुशस : गिरणीत पोती मोजणारा पोरगा रेल्वेचा अध्यक्ष झाला, याचं कौतुक नाही तुला.

हेस्टर : पोती मी मोजायचे. तू त्यांच्यावर झोपायचास.

लुशस : गार्डसमोर तरी नको!

गार्ड : मी काही ऐकलं नाही, साहेब.

हेस्टर : स्टेशनांना घरच्यांची नावं दिलीस. बायकोला नदीकाठचं शहर, सासूबाईंना जंक्शन. आणि सख्ख्या थोरल्या बहिणीला? उजाड माळावरची पाण्याची टाकी!

लुशस : रूळ घालणं म्हणजे पैसा मातीत घालणं, असं तूच म्हणाली होतीस. म्हटलं, घे माती! वाटलं, येशील, बघशील, चार शिव्या हासडून परत जाशील.

हेस्टर : आले, बघितलं आणि राहिले. आज इथे शाळा आहे, चर्च आहे, धान्याचं कोठार आहे. आणि एक तारखेपासून तुझ्या गाड्या थांबायच्या बंद झाल्या.

लुशस : नव्या इंजिनांना वाटेत पाणी लागत नाही.

हेस्टर : माणसांना गाडी लागते! लोकं सामान बांधायला लागलीत, लुशस. अख्खा जन्म घातलाय मी या गावात.

लुशस : म्हणजे मत हवं तर गाडी थांबव. सरळ सौदा.

हेस्टर : पिठवाल्याचीच लेक मी.

लुशस : …गार्ड, पुढच्या स्टेशनातून तार करा. उद्यापासून जाणारी-येणारी गाडी हेस्टरला थांबेल. झालं समाधान? आता विन्स्लोला मत?

हेस्टर : ते कधीच टपालाने पाठवलं. गुणी पोरगा आहे, आईवर गेलाय.

लुशस : ही शुद्ध फसवणूक आहे!

हेस्टर : माल आधीच घरपोच झाला होता. तू चौकशी केली नाहीस.

(लुशस हसतो.)

हेस्टर : इतकी वर्षं तुझा खास डबा इथून जातो. पडदे ओढलेले. एकदासुद्धा उतरला नाहीस.

लुशस : लाज वाटायची गं. कुठल्या तोंडानं उतरणार होतो?

हेस्टर : मक्याचा पाव केलाय. कोंबडी शिजत ठेवलीय.

गार्ड : साहेब, आता तरी निघायचं?

लुशस : तुम्ही निघा. माझा डबाही घेऊन जा. मी उद्याच्या गाडीने येईन.

गार्ड : पण साहेब, तार वेळेत पोचली नाही तर? इथे कुठे थांबते गाडी?

लुशस : थांबते, बाबा. माझ्या बहिणीचं गाव आहे.