'पाणी घालू नये'

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी का धुसफुसतेस?" तुम्हीच सांगा, धुसफुसू नको तर काय करू? मी कोणाचं नाव घेत नाही, पण आमच्या गॅलरीत काहीतरी चाललं होतं.

विज्ञान प्रदर्शनासाठी मी बटाट्याच्या दोन कुंड्या लावल्या होत्या. एकीला रोज पाणी, दुसरीला अगदी घोटभर. पाणी कमी पडलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं, का, तर आहे ते पाणी उडून जाऊ नये. पण कार्बन डायऑक्साइडही त्याच छिद्रांतून आत येतो ना... दारच बंद, मग तो येणार कुठून? तो नाही तर साखर नाही, आणि जी थोडीफार होते तीही खाली बटाट्यांपर्यंत धड पोचत नाही. म्हणून बटाटे बारके. हे सगळं मला चारचौघांत बोलायचं होतं. मला, जिची हजेरी बाई ओठ हलताना बघून लावतात.

बाबा शिंपी. त्यांनी तहानल्या कुंडीसाठी कापडी पट्टा शिवून दिला, त्यावर लाल दोऱ्यानं 'पाणी घालू नये'. झालं, तेव्हापासून ती कुंडी अशी तरारली की काय सांगू!

मी पाळत ठेवली. आई भाजी धुतलेलं पाणी घेऊन गॅलरीत गेली आणि रिकामं पातेलं घेऊन आली.

"आई, पाणी कुठं ओतलंस?"

"ओतलं कुठंतरी. तू जेव आधी."

आजोबा गोळी घ्यायला तांब्याभर पाणी घेऊन तिकडेच निघालेले.

"आजोबा, एका गोळीला एवढं?"

"घशात अडकते गं बाळा."

आणि बाबांची ती इस्त्रीची फवारणीची बाटली... मी कोणाचं नाव घेत नाही, पण भर दुपारी पानांवर दव पडतं का कुठं?

शेवटी मी विचारलंच, उशीकडे बघत. आजोबा म्हणाले, "अगं, बिचाऱ्याच्या गळ्यात पाटी बांधलीस. बघवत नाही." आई म्हणाली, "अभ्यास तुझा आणि उपास त्याला?"

आता यांच्याशी काय बोलणार? मी गुपचूप पट्टा काढला आणि रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीला बांधला. सगळ्यांची माया लगेच तिकडे वळली, आणि बिनपाटीच्या कुंडीकडे कोणी ढुंकूनही बघेना. ती बरोबर सुकू लागली.

प्रदर्शनात कुंड्या उपड्या केल्या. पट्ट्याच्या कुंडीत मुठीएवढे बटाटे, दुसरीत गोट्या. मी पाच वाक्यं पाठ केली होती, पट्ट्याचा खुलासा पाचव्यात होता. पहिल्यासाठी तोंड उघडतेय तोवर मुख्याध्यापक पाट्या वाचत आले. पट्टा वाचला, बटाटे बघितले, पुन्हा पट्टा वाचला.

"वा. म्हणजे पाणी न घालताच एवढे?"

मी मान हलवली. 'नाही' अशी हलवली हो, पण माझी मान कोणत्या दिशेला हलते ते अजून कोणाला कळलेलं नाही. पहिला नंबर आला. बाई मला शोधत होत्या, मी पडद्यामागे होते.

मी कोणाचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या बागेचं पाणी बंद आहे.