बदरूचं बिनभिंतीचं घर

...नाही, पण मला सांगा, घर म्हटलं की भिंत पाहिजे की नको? निदान एक! एकीला टेकून माणूस बाकीच्यांची वाट तरी बघेल. पण आमचा बदरुद्दीन... तुम्हाला सांगतो, रोज तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की दुकानातलं शिलाईचं मशीन झाकायचं, माझा हात धरायचा, आणि आखातातला आमचा देरा बाजार मागे टाकून, वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतवत... कुठे? तर म्हणे, "यूनुस, चल, घरी जाऊ." घरी! चार खुंट्या, खुंट्यांना लाल चिंध्या, आत वाळू, बाहेर वाळू, लांब एक उंट रवंथ करतोय, आणि भिंतीचा पत्ता नाही!

बरं, घर नव्हतं का ह्याला? होतं की! खाडीकाठी, खजुराच्या झावळ्यांचं, गार वाऱ्याचं. पण शहराचा नवा नकाशा निघाला. हाफपँटवाला साहेब आला, बदरूच्याच खाटेवर नकाशा पसरला, आणि बोट ठेवून म्हणतो, "धिस रोड... युवर किचन... फिनिश!" आता शहाण्या माणसाने भांडावं की नाही? हा नकाशाकडे असा बघतोय, जसं काही पहिलं पोर हातात दिलंय. ह्याला कागदावर झाडं हलताना दिसायला लागली, दिवे लागलेले दिसायला लागले... पाडायला माणसं आली तेव्हा हा त्यांच्याआधी छपरावर चढून झावळ्या उतरवत होता! बदल्यात वाळूतली ही चार खुंट्यांची जागा मिळाली, आणि तिथे नियम काय? झावळ्या चालणार नाहीत, पक्कंच बांधा.

पक्कं बांधणार कोण? अख्खं गाव बांधायला निघालंय, मिस्त्री मिळतोय कुठे? एक मिळाला, तर तो छातीवर हात ठेवून, "बुकरा, हबीबी, बुकरा... इन्शाल्ला!" उद्या म्हणजे. तो उद्या काही उजाडेना. तोवर बदरू टाचेने वाळूत घर काढायचा. ही ओटी, ही खोली, ही मोरी. रात्री वारा सगळं पुसून टाकायचा, हा दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. काल जिथे मोरी, तिथे आज मला ओटीवर बसवतोय! वर म्हणतो, "वारा बघ कसा येतोय." येणारच! अडवायला आहे काय? भिंतीचा पत्ता नाही!

पण खोटं कशाला बोलू... दिवस बुडायला लागला की ती वाळू केशरी व्हायची, लांबून बांग ऐकू यायची, आणि हा हळू आवाजात सांगत राहायचा, इथे कंदील टांगायचा, इथे बसून रुकय्या तांदूळ निवडणार... ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे हो. एकदा तर मीच विचारलं, "त्या आतल्या खोलीत उकडणार नाही का रे?" लाज वाटली नंतर.

आता ही रुकय्या म्हणजे ह्याची बायको. इतकी वर्षं म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांसाठी रत्नागिरीकडे सासरी राहिलेली. आता यायचं ठरलं तेव्हा तिने बजावलं होतं, स्वतःचं घर असेल तर येते, तुम्ही सध्या राहताय तसं दुसऱ्याच्या मागल्या खोलीत राहायची नाही, आल्या बोटीने परत जाईन. आणि ह्या शहाण्याने निरोप काय धाडला? "घर झालं, ये"! कारण ह्याच्या लेखी झालंच होतं ना!

बोट आली. मी म्हटलं, बाबा, धक्क्यावरच सांगून टाक. कसलं काय! हा पुढे, मधे रुकय्याभाभी, मागे मी, डोक्यावर तिची ट्रंक. खुंट्या आल्या आणि रोज तरातरा आत शिरणारा बदरू पहिल्या खुंटीपाशीच थांबला. त्याला वाटलं, आता ही वळणार, बोट गाठणार... पहिल्यांदाच त्याला तिथे नुसती वाळू दिसली.

भाभी चारी बाजूंनी बघत राहिली. मग म्हणाली, "जागा आपली आहे?"

"आपली. नकाशात आहे."

"चूल कुठे?"

बदरूने टाचेने कोपरा काढला. तिने पदर कुठल्या बाजूला उडतोय ते पाहिलं. "धूर सगळा खोलीत येईल," म्हणाली, आणि त्याची रेघ पुसून दुसऱ्या कोपऱ्यात स्वतः चूल काढली. वर म्हणते, मिस्त्री येईपर्यंत शिडाचं कापड ताणा, तेवढं पुरे. बदरू चक्क रडला हो, नाक पुसत पुसत हसला.

माझा जीव भांड्यात पडला. मान मोडायला आलेली, म्हटलं ट्रंक ठेवावी, म्हणून निघालो सरळ...

"यूनुसभाऊजी, भिंतीतून कुठे शिरताय? दरवाजा तिकडून आहे."

अहो, भिंतीचा पत्ता नाही, असं ओठांवर आलं होतं माझ्या! पण दोघं अशी बघत होती माझ्याकडे... करतो काय? गेलो वळसा घालून. आणि तुम्हाला सांगतो, डोक्यावर ट्रंक, त्यात ह्यांची चौकट बुटकी... वाकूनच आत गेलो.