तिळाची बाजू

बाबा : हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. आणि रडायचंही नाही. तुझी आई गेल्यापासून सात महिन्यांतला हा चौथा. आधीचे तीन भिजवले आणि परत लगदा केला.

ठकू : बाबा! आईचे मुखवटे बादलीत बुडवले तुम्ही?

बाबा : मग काय करू? पहिला तुझ्या आत्यासारखा झाला होता. आत्याला जन्मभर भिंतीवर कोण टांगून घेईल? जित्या आत्येनंच काय कमी वात आणलाय?

ठकू : अहो, काहीतरीच!

बाबा : हसलीस. म्हटलं होतं ना, हसायचं नाही.

ठकू : आत्यावर हसले मी. दाखवा आता. आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवा. मला मघापासून नुसती तुमची हनुवटी दिसतेय.

बाबा : खळीच्या डब्याला टेकवला. चिकटून बसला तर नवा तू द्यायचास. हं, हा बघ.

ठकू : ...

बाबा : अगं बोल की. आवाज गेला का तिकडचा?

ठकू : नाही, आहे. बाबा, ते ओठ! एका बाजूनं जरासे वर. 'बघू या' म्हणायची ना, तेव्हाचे.

बाबा : सतरा दिवस लागले त्या ओठांना. नाटकवाल्यांचा राक्षस मी दोन दिवसांत उभा करतो, दात-बित लावून. आणि ही बाई ओठांवरच अडवून बसली मला.

ठकू : आईच आहे हो. अगदी आई. जरा उजेडाकडे वळवता? अजून थोडं. बाबा, हा तीळ...

बाबा : तिळाचं काय?

ठकू : डाव्या गालावर का काढलाय?

बाबा : का म्हणजे? तिथे होता म्हणून.

ठकू : उजव्या गालावर होता आईचा.

बाबा : ठकू, चाळीस वर्षं मुखवटे करतोय मी. साचा आतून उलटा असतो, डावं उजवीकडे जातं, हे नवशिक्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आणि मी चुकेन? स्वतःच्या बायकोच्या तोंडावर?

ठकू : चिडू नका ना. मला पक्कं माहीत आहे म्हणून सांगतेय. मी... मीसुद्धा केलाय एक. तुमच्या वाढदिवसाला दाखवणार होते.

बाबा : तू केलास? पुठ्ठा कापताना एकदा बोट कापून घेतलंस, त्यानंतर माझ्या कात्रीकडे बघायलासुद्धा तयार नव्हतीस.

ठकू : पुठ्ठ्याचा नाही. माझ्या पद्धतीचा. फोन माझा चेहरा बघतो आणि त्याच्यावर दुसरा चढवतो. मी मान वळवली की तोही वळवतो, मी डोळे मिटले की तोही मिटतो. ऑफिसात दिवसभर तेच तर करते मी.

बाबा : म्हणजे ते लोकांना मांजराचे कान लावता, तसलं? आईला?

ठकू : कान कशाला लावीन मी आईला! नुसता चेहरा आहे. तेवीस फोटोंवरून केलाय. बघा ना एकदा.

बाबा : नको.

ठकू : एकदाच.

बाबा : नको म्हटलं ना! अगं, डोळे मिटले की मला तिचं कपाळ दिसतं. भुवया दिसतात. त्याच्या खाली सगळं पुसट होत चाललंय. दर आठवड्याला थोडं जास्त. जेवढी उरलीय तेवढी या कागदात धरून ठेवतोय मी. त्याच्यावर तुझं ते काहीतरी येऊन बसलं, तर मग तिला शोधू कुठे?

ठकू : आणि तीळ चुकीच्या गालावर ठेवून तो रोज बघत बसलात तर? वर्षभरानं तुम्हाला तोच खरा वाटायला लागेल. मग तरी कुठे शोधाल?

बाबा : तू वकील का नाही झालीस?

ठकू : बाबा.

बाबा : दाखव. दहा मोजेपर्यंतच. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आवाज तुझा येणार, मला नाही सोसायचं ते.

(फोनवरचा ठकूचा चेहरा जातो, त्या जागी दुसरा येतो.)

बाबा : ही कोण?

ठकू : ...

बाबा : काढ. काढ गं ते. नाक आहे, डोळे आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे. पण ही कुणी दुसरीच बाई आहे. दारात आली तर 'कोण हवंय?' म्हणून विचारीन मी. काढ, ठकू.

ठकू : काढला. तेवीस फोटो आहेत, बाबा. एकात ती आपल्या दुकानाच्या पाटीखाली उभी आहे. पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येतात. तीळ उजव्याच गालावर आहे.

बाबा : कॅमेऱ्याचं काय सांगतेस? मी बघितलंय तिला. चाळीस वर्षं, रोज, आठ-आठ तास.

ठकू : कुठे बघितलंत?

बाबा : कुठे म्हणजे? इथेच, या खोलीत. ती खिडकीशी रंगाच्या टेबलाला, मी तिच्या मागे कागद फाडायला.

ठकू : तिचं तोंड कुणीकडे असायचं?

बाबा : आरशाकडे. केलेला प्रत्येक मुखवटा आधी स्वतःच्या तोंडाला लावून आरशात बघायची. 'मी दचकले तर गिऱ्हाईक दचकेल' म्हणायची. तुला काय माहीत नाही का हे? शाळेतून आल्यावर तू इथेच लोळायचीस.

ठकू : माहीत आहे. तुम्ही दोघं बोलायचात कसे, ते आठवतंय का?

बाबा : तोंडानं. आणखी कसे? ती काही मागे वळायची नाही, हातातला ब्रश ओला असायचा. मग आरशातूनच बघायची माझ्याकडे. मी पण आरशातूनच तिला...

ठकू : बाबा?

बाबा : थांब.

ठकू : बाबा, अहो, तसं काही नाही...

बाबा : थांब म्हटलं ना. आरसा अजून तिथेच आहे. मुखवटा नेऊन धरतो त्याच्यापुढे. ... ठकू, यात तीळ उजवीकडे गेला.

ठकू : हो.

बाबा : साच्याचं उलटं-सुलटं अख्ख्या जगाला शिकवलं मी. आणि हे एवढं उलटं घरातच होतं, ते कळलं नाही. अगं, पण वर घरात तरी ती समोर असेल ना? जेवताना? समोरासमोरच बसायचो आम्ही.

ठकू : जेवताना तुम्ही पेपर वाचायचात.

बाबा : रोज?

ठकू : सकाळी अर्धा, उरलेला संध्याकाळी. आई म्हणायची, 'तुझ्या बाबांना वाढायचं म्हणजे पेपरच्या खालून ताट सरकवायचं.' हसून म्हणायची हो, मनाला लावून घेऊ नका.

बाबा : सगळंच हसून म्हणायची ती. तिथेच फसलो मी. चिडली असती, पेपर हिसकावून घेतला असता, तर निदान वर तरी बघितलं असतं.

ठकू : तुमचं तिच्यावर प्रेम होतं, बाबा. तिला ठाऊक होतं ते.

बाबा : असेल. पण मला फार एकटं वाटतंय गं. कालपर्यंत वाटायचं, ती गेली म्हणून मी एकटा पडलो. आज वाटतंय, ती होती तेव्हा तिला एकटी ठेवली मी. आणि आता 'चुकलो' म्हणायलासुद्धा समोर कुणी नाही.

ठकू : मी एक सांगू? रागावणार नाही ना?

बाबा : रागवायला अंगात जीव कुठे उरलाय? सांग.

ठकू : ते वाढदिवसाचं मघाशी थोडं खोटं बोलले. तुमच्यासाठी नव्हता केला मी तो. मी रोज लावते. जेवताना. खोलीत कुणी नसतं. दार बंद करते, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवते, आईचा चेहरा चढवते आणि जेवायला बसते. म्हणजे ती बसते समोर.

बाबा : कधीपासून?

ठकू : मार्चपासून. वेडी म्हणा हवं तर.

बाबा : वेडी तर आहेसच. कागदाचे ओठ करण्यात सतरा दिवस घालवणाऱ्या शहाण्याची मुलगी. मग? बरं वाटतं का?

ठकू : पहिले चार घास. मग कळतं, मी घास घेतला की ती घेते, मी थांबले की थांबते. 'अजून थोडं घे' असं काही म्हणत नाही ती. आणि आपल्या फोनमध्ये आपला चेहरा आपल्याला आरशासारखाच दिसतो ना? म्हणजे मलाही ती कधी सरळ दिसत नाही. तुमचीच दिसते. डाव्या गालावर तीळवाली.

बाबा : म्हणजे दोघांच्याही वाट्याला आरशातलीच.

ठकू : हो.

बाबा : आत्ता जेवलीस का?

ठकू : नाही. वाढून ठेवलंय. सुट्टीच्या दिवशी तर अजिबात घास उतरत नाही.

बाबा : माझंही दुपारपासून झाकून ठेवलंय. आण तुझं ताट. आणि लाव तो चेहरा.

ठकू : मघाशी तर म्हणालात, कुणी दुसरीच बाई आहे.

बाबा : आहेच दुसरी. म्हणून तर. ओळख करून घ्यायला नको?

ठकू : एक बटण आहे, बाबा. डावं-उजवं उलटवता येतं. दाबलं की तुमच्या ओळखीची होईल. दाबू?

बाबा : नको. सरळच राहू दे. पाटीखाली उभी होती तशी.

ठकू : आणि तुमच्या मुखवट्यावरचा तीळ? खरवडून इकडे काढणार?

बाबा : खरवडायचा नाही तो. मी तिला कशी बघितली, त्याचा तेवढाच पुरावा आहे माझ्याकडे. असू दे. हं, मी बसलो. तू लावलास का?

ठकू : लावला. दिसतेय?

बाबा : दिसतेय. बोल हवं तर. आवाज तुझा आला तरी चालेल.

ठकू : तुमचा पेपर कुठाय?

बाबा : बादलीत भिजत घातलाय. तू जेव. अजून थोडं घे.