तामडा म्हटलेलं माणिक

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं, बायकोलाही सांगितलं नाही, आज तुम्ही लिहून घेताय तर घ्या.

माझा जन्म यावलचा, हात तयार झाला जळगावच्या सराफ बाजारात. वडील खडे जडवायचे, मीही तेच केलं. वडील म्हणायचे, कच्च्या माणकाचा रंग बघून बोलू नको, ते मळकट गुळाच्या खड्यासारखंही दिसतं, आधी बाजू मोज, माणिक सहा बाजूंचं वाढतं, तामडा, तो स्वस्तातला लाल खडा, गोटीसारखा गोल, आणि शंका राहिलीच तर पुष्कराजावर घासून बघ, माणकाचा ओरखडा उठतो, तामड्याचा नाही. सगळं पाठ होतं हो मला.

एकदा असोद्याची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. म्हातारीचा भाऊ कर्नाटकात खाणीवर होता, त्याने दिलेलं कच्चं माणिक देवघरात असायचं, पूजा सून करायची. ते अंगठीत बसवायचं होतं. दुकानात गिऱ्हाईक दाटलेलं, मी खडा दिव्यासमोर धरला आणि ऐटीत म्हणालो, मावशी, हा तामडा. म्हातारी सुनेकडे वळून म्हणाली, म्हणजे माझं माणिक शिरपूरला तुझ्या माहेरी पोचलं वाटतं. लोक हसले. मीही हसलो.

सून, सुमन तिचं नाव, माझ्याकडेच बघत म्हणाली, भाऊ, हाऊच खडा शे, मी बदला नही.

म्हातारी खडा तिथेच टाकून गेली. महिन्याभरात कानावर आलं, सुनेला माहेरी धाडलं, नवरा आणायला गेला नाही. तेव्हा कुठे मी तो खडा काढला, बाजू मोजल्या, सहा. पुष्कराजावर घासला, ओरखडा उठला. माणिकच होतं ते. असोदा किती लांब, मोटारसायकलने अर्धा तास नाही, पण गेलो नाही. बाजार म्हणेल याला माणिक कळत नाही, एवढीच भीती.

पुढे म्हातारी गेली, नवऱ्याने दुसरं लग्न केलं. मग एकदा खडा खिशात घालून मी शिरपूरला गेलो. दार तिनेच उघडलं, केस पांढरे झालेले, मला ओळखलं नाही. पाणी दिलं, विचारलं, कोन जोयजे, आबा? मी म्हणालो, घर चुकलो बाई, आणि बसस्टँडची वाट विचारून निघालो.

मागच्या वर्षी ती वारली. खडा माझ्याकडेच आहे. दारात एवढंच म्हणायचं होतं, सुमनअक्का, तू खडा बदलला नव्हतास, मीच तो नीट बघितला नव्हता, आणि कळल्यावरही गप्प बसलो, मला माफ कर.