टाचेचा फोटो

(डायलिसिसचं यंत्र चालू आहे. पलंगावर भाऊ, शेजारी स्टुलावर मोठी बहीण, तिच्या उजव्या पायाला पट्टा.)

धाकटा : बाटली पर्समध्ये कशाला कोंबलीस?

ताई : उगाच.

धाकटा : मला मोजून पाणी, म्हणून तूही माझ्यासमोर प्यायचं नाही? वेडी आहेस. टाचेचं काय झालं? काल हाडांचा स्कॅन होता ना?

ताई : बारीक चीर आहे. दीड महिना पळणं बंद.

धाकटा : चाळिशीत पळायला सांगितलं कुणी?

ताई : वजन उतरल्याशिवाय डॉक्टर मला तुला किडनी देऊ देणार नव्हते, तपासण्याही त्यानंतरच.

धाकटा : वर्षभर मी नाही म्हणत होतो. आत्ता कुठे हो म्हटलं, तर तू पाय मोडून बसलीस. असू दे, दीड महिना थांबू. बरा झालो की माझ्या छोटीला पोहायला शिकवायचं कबूल केलंय मी, तेवढं लक्षात ठेव. पट्ट्याशी काय चाळा करतेस? हाडात आणखी काही निघालं?

ताई : नाही, हाडं चांगली आहेत.

धाकटा : मग?

ताई : त्या स्कॅनला औषध टोचतात. ते हाडांत जाऊन बसतं, उरलेलं लघवीवाटे जातं. त्यामुळे सगळ्या अंगाच्या फोटोत किडन्याही पुसट उमटतात, दोन्ही. डॉक्टर टाच बघत होते, बघता बघता वर गेले.

धाकटा : आणि?

ताई : माझी एकच उमटलीय.

धाकटा : मशीनचं काहीतरी असेल.

ताई : मीही तेच म्हटलं. मग लगेच सोनोग्राफी केली. डावी आहे, पण सुकून एवढीशी झालीय. लहानपणापासूनच काम करत नसावी म्हणाले. कधी दुखली नाही रे, कळणार कसं?

धाकटा : म्हणजे...

ताई : वर्षभर घे घे म्हणून तुझ्या मागे लागले. द्यायला माझ्याकडे नव्हतीच.

धाकटा : रडू नकोस. सिस्टर बघतायत, त्यांना वाटेल मी गेलो.

ताई : गप्प बस.

धाकटा : शाळेतही अशीच होतीस. खोडरबर देते म्हणायचीस, आणि दप्तरात नसायचंच.

ताई : छोटीला काय सांगशील?

धाकटा : बघू. तुझी ती एक नीट आहे ना?

ताई : आहे. जपा म्हणाले. भरपूर पाणी प्या म्हणाले.

धाकटा : मग काढ ती बाटली.

ताई : नंतर पिईन.

धाकटा : आत्ता पी, माझ्यासमोर. माझ्या वाटचंही पी.