बिनकांद्याचे पोहे

केस गळायला लागले की माणूस कुणाचंही ऐकतो. माझी थोरली बहीण म्हणाली, "कांद्याचा रस लाव," आणि मी महिनाभर रोज लावला. नेमकं तेव्हाच तिच्याबरोबर टाकव्याला मुलगी बघायला जायचं ठरलं. निघताना तीनदा शाम्पू केला, पण तिथं बसल्यावर घाम फुटला आणि वास उठला.

मुलीच्या वडिलांनी, भाऊंनी, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आत हाक मारली, "आगं, चातुर्मास हाय ना? पोह्यात कांदा कुणी घातला?"

मुलीची आई बाहेर आली. "आवो, घरात कांदाच न्हाई."

"मग मला भास होतोय व्हय?"

दोघांची चांगलीच जुंपली. माझ्यापायी मुलीच्या आईला बोलणी बसत होती. शेवटी मी म्हणालो, "भाऊ, वास पोह्यांचा नाही, माझ्या डोक्याचा आहे. केसांसाठी कांद्याचा रस लावतो."

मुलगी मान खाली घालून हसू दाबत होती. मला वाटलं, स्थळ गेलं.

भाऊंनी सावकाश टोपी काढली, गुळगुळीत टक्कल माझ्यापुढं झुकवलं आणि हळूच म्हणाले, "पोरीचं मागनं बघू. आदी सांगा, ह्येच्यावर काय उगवंल का?"