बुडाचे ठोके

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! काम चोख करायचं म्हटलं की खर्च वाढतो का हो? वाढतो? त्या खांबापाशी बसलेल्या शेटजींनी तर मान फारच जोरात हलवली! मग मीही आज अर्धंच कीर्तन करतो. दक्षिणा मात्र पुरी द्या!

बरं, ऐका! एका गावच्या तांबट आळीत सदोबा तांबट राहायचा. त्याचे हंडे असे की बघत राहावं! हंडा घडवला की तो मठारायचा, म्हणजे लहान हातोडीनं अंगभर ठोके घालायचा — ठण् ठण् ठण्! त्यानं मऊ तांबं कणखर होतं. पण वेळ किती जातो! सदोबाच्या मनात आलं — "अंगावरचे ठोके दिसतात. बूड कोण बघतंय?" आणि बुडाचे ठोके त्यानं सोडूनच दिले!

बायको गोजराबाई म्हणाली, "अहो, पाण्याचा भार बुडावरच येतो ना?"

"तू गप गं! रोज दोनाचे तीन हंडे होतायत!"

झाले की तीन! सदोबा जाम खूश! पण दोन महिन्यांत हंडे परत यायला लागले. कुणाचं बूड दबलेलं, कुणाचा सांधा उसवलेला. तापवा, ठोका, सांधा — सगळं फुकट! कोळसा कुणाचा? सदोबाचा! घाम कुणाचा? सदोबाचाच! एका संध्याकाळी गोजराबाईनं विचारलं, "आज नवे हंडे किती झाले?"

"एकही नाही," सदोबा पुटपुटला.

बघा मंडळी! भट्टी दिवसभर धडधडतेय आणि नवा हंडा एकही नाही! तरी गडी हट्टाला पेटलेला!

मग शेजारगावचे बाबाजी आले. लेकीला लग्नात त्यांनी सदोबाचाच हंडा दिला होता. भांडले नाहीत हो! हंडा खाली ठेवला आणि म्हणाले, "सासरी पहिल्याच दिवशी घरभर पाणी झालं. सासू म्हणाली, बापानं सगळं हलकंच दिलंय. पोर रडत होती, सदोबा."

सदोबाची शरमेनं मान वर होईना. ताडकन उठला, विकायला मांडलेले अठरा हंडे आत ओढले!

"अहो, घर कसं चालायचं?" गोजराबाई घाबरली.

"आधी बुडं मठारतो. मग बघू!"

आणि नवा हंडा घेऊन स्वतः गेला त्या पोरीच्या सासरी! अंगणात हंडा उपडा घातला, बुडावर दोन्ही पायांनी उभा राहिला — बूड जरासुद्धा दबलं नाही! सासूला हात जोडून म्हणाला, "बाई, हलकं काम माझं होतं. हिच्या बापाचं नव्हे!"

पोरीनं डोळ्यांना पदर लावला. सासूनं तिथंच पोरीच्या नणंदेसाठी दुसरा हंडा सांगितला!

पुढं सदोबाचे रोज दोनच हंडे व्हायचे, पण परत एकही येईना. तिनाच्या वेळी उरत नव्हते ते चार पैसे आता दोनात उरायला लागले!

आता तुमच्याकडे वळतो. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या घरी जाऊन राहतं, मंडळी! तिथं बोलायला आपण नसतो. तुमचं काम आज कुणाच्या घरी आहे? त्यापायी कुणाच्या लेकीला ऐकून घ्यावं लागतंय? तेवढं आठवा — आणि मगच पांडुरंगापुढं हात जोडा!